आत्याच्या लग्नाचा हायड्रोमीटर

माझे बाबा पाडकाम करतात. जुनं घर, वाकलेली भिंत, नको झालेलं धुराडं, काहीही सांगा, बाबा आपली माणसं घेऊन जातात आणि ते जमिनीवर आणून देतात. देवानं ज्याला जसे हात दिले त्यानं ते तसे आनंदानं वापरावेत, यात वाद नाही. अडचण एवढीच की संध्याकाळी घरी येताना ते हात कामावर ठेवून येता येत नाहीत. बाबा मायेनं कप उचलतात, तर कान त्यांच्या बोटांत राहतो आणि कप खाली जातो. ते हळूच दार लावतात, तर मूठ त्यांच्याबरोबर खोलीत येते.

माझी आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते आणि लोकांचे पियानो सुरात लावून देते. तिचा कान असा की खाली काही फुटलं की वरून ती त्याचा सूर सांगते. रागावून नाही, सवयीनं.

"पंचम," ती जिन्यावरून म्हणते. "दादा, पाण्याचा ग्लास का?"

"बरणीचं झाकण होतं गं."

"मग आधीच चिरलेलं असणार. खर्ज नव्हता."

आईचं म्हणणं, बाकीच्यांच्या घरात भांडी घासायची असतात, आमच्या घरात ती ऐकायची असतात.

तर या आत्याचं, पन्नाशी उलटल्यावर, लग्न ठरलं. नवरा मुलगा म्हणजे आमच्या प्रार्थनागृहातले बुवा. बुवा गाऊन प्रवचन करतात. गोष्ट सांगता सांगता गायला लागतात, गाता गाता मध्येच थांबतात, आणि असा एक प्रश्न विचारतात की पुढच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, माझ्या घरातलं यांना कुणी सांगितलं. मी त्यांच्या मागे उभी राहून री ओढते, आणि आठवड्यातला तेवढा वेळ मला कशाचीही तक्रार नसते. आत्या तिथला जुना पियानो लावायला गेली होती. बुवा सवयीप्रमाणे बोलायला लागले. आत्या म्हणाली, "जरा गप्प बसता का, मला तारा ऐकू येत नाहीत." आणि जे बुवा झोपेतही थांबत नाहीत असं त्यांची आई म्हणायची, ते अख्खी दुपार एक शब्द न बोलता बाकावर बसून राहिले. घरी येऊन आत्यानं आम्हाला एवढंच सांगितलं की पियानो बरा आहे. पण सांगताना तिचे कान लाल झाले होते, आणि आई म्हणाली, झालं, हे ठरलं.

लग्नातली वाइन आत्याच्याच हातची असणार हेही ठरलं. ती दरवर्षी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात द्राक्षांची वाइन करते. एक मोठी काचेची बरणी, बुचातून वर आलेली एक वाकडी नळी, नळीत थोडंसं पाणी. आत साखरेची वाइन होत असते तोवर त्या पाण्यातून वायू बाहेर पडतो आणि बुडुक असा आवाज येतो. आमचं स्वयंपाकघर त्या दिवसांत सारखं काहीतरी आठवल्यासारखं बोलत असतं.

"ट्रे मी घेणार," बाबा जेवताना म्हणाले.

आईचा चमचा ताटातच राहिला.

"थोरला भाऊ आहे मी हिचा. लग्नात पाहुण्यांना वाइन द्यायला मी फिरणार. प्रत्येकाच्या हातात मी पेला देणार. आमच्या वडिलांनी माझ्या लग्नात हेच केलं होतं."

"त्यांच्या हातात पेले राहायचे," आई म्हणाली.

बाबा ताटाकडे बघत राहिले. आणि मला एकदम कळलं की हे त्यांनी सहज म्हटलेलं नाही. आत्याची लहानपणची बाहुली बाबांनी मोडली, तिचं पहिलं घड्याळ मोडलं, तिनं हौसेनं आणलेला आरसा तर त्यांनी लावतालावताच मोडला. या घरातून ती जायच्या आधी तिच्यासाठी एक तरी गोष्ट धडपणे इथून तिथपर्यंत न्यावी, एवढंच त्यांना हवं होतं. आत्यालाही ते कळलं असावं, कारण ती हसली नाही.

"दादा," ती म्हणाली, "माझ्याकडे हायड्रोमीटर उरला नाहीये. तुला माहितीय का उरला नाहीये?"

बाबांनी मान डोलावली.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची एक बारीक दांडी, खाली फुगीर आणि जड. ती वाइनमध्ये सोडली की उभी तरंगते. दांडीच्या आत कागदाची पट्टी असते आणि पट्टीवर खुणा. रसात साखर भरपूर असेल तर दांडी उंच तरंगते, साखर संपत जाईल तशी ती खाली खाली बुडत जाते, आणि पट्टीवरची लाल रेघ वाइनच्या काठाला टेकली की समजायचं, आता वाइन शांत झाली, बाटल्यांत भरायला हरकत नाही. घाई करून आधीच भरली तर उरलेली साखर बाटलीत आंबत राहते आणि बुचाला आतून धक्के देते. म्हणून त्या दांडीशिवाय आत्या बाटलीला हात लावत नाही. अशी पहिली दांडी बाबांच्या खुर्चीवर होती, पुढचं सांगायला नको. दुसरी ते डोळ्यांजवळ धरून वाचत होते तेवढ्यात शिंक आली. तिसरीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. शेजारचा खण जोरात बंद केला, आणि ती टेबलावरून स्वतःच निघाली.

"तू मला न फुटणारा हायड्रोमीटर आणून दे," आत्या म्हणाली. "तो लग्नापर्यंत टिकला तर ट्रे तुझ्या हातात. मोडला, तर द्राक्षाचा रस वाटू, आणि तू पुढच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसायचंस."

"लग्नापर्यंत?"

"लग्नापर्यंत."

"काढ गं चपला," बाबा मला म्हणाले, आणि ताटावरून तसेच उठले.

घरी वाइन करणाऱ्यांच्या सामानाचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. अरुंद, बुचांचा वास असलेलं, आणि गल्ल्यावर हाताची घडी घालून बसलेल्या बाई. बाबा आत शिरले तसे त्या उठल्या आणि काचेचं कपाट आपल्या अंगाआड घेतलं. नाव ऐकून होत्या बहुतेक.

"मला टिकाऊ हवाय," बाबा म्हणाले.

बाईंनी एक दाखवला. बारीक दांडीचा, दिसायला फार सुंदर.

"हा सगळ्यात बरोबर दाखवतो. खुणा बारीक आहेत."

"पडला तर?"

"पडला तर बरोबर दाखवत नाही."

दुसरा जाड काचेचा होता, जाड कापडाच्या पिशवीत. बाबांनी तो बोटांत धरला आणि बाईंनी श्वास धरला. तिसऱ्याबरोबर रुंद बुडाचं उभं नळकांडं होतं, त्यात वाइन काढून घ्यायची आणि दांडी त्यातच सोडायची, म्हणजे कलंडायची भीती नाही. बाई मनापासून समजावत होत्या. काचेचा घेतलात तर टेबलाच्या कडेला कधी ठेवू नका, त्याची कायमची जागा ठरवा, धुताना गरम पाणी नको. बाबा ऐकत होते, पण त्यांची नजर मागच्या फळीवर एका मळकट पांढऱ्या दांडीवर खिळली होती.

"तो?"

"प्लास्टिकचा आहे. तो फुटत नाही."

बाबांचा चेहरा असा उजळला की दुकानात दिवा लागल्यासारखं वाटलं.

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही. पण आपटू नका."

"फुटत नाही तर आपटल्यानं काय होतं?"

"आपटू नका," बाई म्हणाल्या. "आणि घरी गेल्यावर आधी साध्या पाण्यात घाला. मग वाइनमध्ये."

"घालतो, घालतो," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात तो आला होता आणि अजून अखंड होता. एवढ्या आनंदात माणसाला कुणाचं काय ऐकू येणार.

आता यानंतर आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दुसऱ्या कुणी ती दांडी वेष्टनासकट खणात ठेवली असती. पण बाबा पाडकामवाले. एखादी गोष्ट मजबूत आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं चालत नाही, तिच्यावर घण पडलेला त्यांना बघायचा असतो.

त्यांनी तो टेबलावरून खाली टाकला. तो टणटण उडाला आणि पडून राहिला, अखंड.

"सूर नाही," वरून आत्या म्हणाली, जरा चकित होऊन.

बाबा खुर्चीवर चढले. टाकला. अखंड. मग जिन्याच्या वरच्या पायरीवरून सोडला, तो पायऱ्या उतरत उतरत पाहुण्यासारखा खाली आला. आत्या पेन्सिल कानावर खोचून बाहेर आली आणि तिनंही एकदा टाकून बघितला. मी टाकला. आई लांबून म्हणत होती की हा वेडेपणा आहे, आणि मग तीही कणीक मळलेल्या हातानं आली, आणि म्हणाली, द्या इकडे, तुम्हाला फेकता येत नाही, आणि तिनं तो भिंतीवर असा मारला की त्यात आमच्या सगळ्या फुटलेल्या कपबश्यांचा हिशेब होता. अखंड. शेवटी बाबांनी वरच्या खिडकीतून तो अंगणात सोडला. आम्ही सगळे खाली धावलो. जड टोकावर सरळ उभा पडला होता तो, फरशीच्या फटीत, कुणी रोवल्यासारखा. बाबांनी त्याला उचलून कपाळाला लावलं.

"बघ," ते आत्याला म्हणाले. "बघ हं."

"बघितलं रे दादा," आत्या म्हणाली, आणि हसून हसून तिला खालीच बसावं लागलं. मग आई बसली. अंगणात आम्ही चौघं जमिनीवर बसून एका प्लास्टिकच्या दांडीकडे बघून हसत होतो आणि समोरची शेजारीण खिडकी उघडून विचारत होती, काय झालं, काय फुटलं. "काही नाही," बाबा ओरडले. "काहीच फुटलं नाही." हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं.

तेव्हापासून तो त्यांच्या शर्टाच्या खिशात राहायला लागला. कामावर जाताना खिशात, जेवताना खिशात. आई म्हणाली, "वन्सं, लग्न तुमचं आहे, पण मंगळसूत्र यांनी घातलंय."

आणि मग एक दिवस बाबांनी तो वाइनमध्ये सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. दांडी डुलली, थांबली, आणि लाल रेघ बरोबर वाइनच्या काठाला टेकली.

"झाली," बाबा म्हणाले. "भरायची."

बुडुक, बरणी म्हणाली.

आत्यानं मान तिरकी केली. ती कशी ऐकते ते मला माहीत आहे, एक डोळा मिटून. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, सावकाश, बुडुक.

"अजून बोलतेय ती," आत्या म्हणाली.

"गार पडलंय स्वयंपाकघर, म्हणून कुरकुरतेय," बाबा म्हणाले. "रेघ बघ ना. रेघ काय म्हणते?"

आत्यानं रेघेकडे बघितलं, मग बाबांच्या तोंडाकडे. त्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. प्रवचन ऐकताना मागच्या बाकावरची लहान मुलं असतात ना, आता देव येणार असं वाटत असलेली, तसं काहीतरी. आत्यानं पियानोच्या एका ढिल्या तारेपायी घरमालकाला त्याच्याच दारात ताटकळत उभं केलेलं मी बघितलंय. पण त्या दिवशी तिनं आपल्या कानाला गप्प बसवलं.

"भरू या," ती म्हणाली.

बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. त्या ठेवायच्या कुठे, तर बाबा जिथं जात नाहीत अशी घरात एकच जागा, न्हाणीघराशेजारचं कपडे वाळवायचं कपाट, ज्याच्या मागून गरम पाण्याचा नळ जातो. आईनं टॉवेलांमध्ये त्यांना नीट निजवलं आणि किल्ली गळ्यात घातली. छान ऊब होती आत.

लग्न जवळ आलं. एका रविवारी दुपारी लग्नात काय गायचं ते ठरवायला बुवा घरी आले. कपाटाच्या समोरच्याच खोलीत आत्या आपल्या पियानोवर बसली, मी मागे उभी राहिले, आई दारात, बाबा खिसा सांभाळत खुर्चीत. बुवांनी कथा निवडली होती ती एका भोळ्या भक्ताची, ज्याला देव दिसत नाही म्हणून तो रोज दारात बसून राहतो. फार गोड चाल होती. बुवा रंगले. मी री ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

आणि बुवा थांबले, जसे ते थांबतात, हात वर, आवाज अगदी खाली.

"मग त्या भक्तानं बंद दाराला विचारलं, बाबा रे, आत कुणी आहे का?"

शांतता.

फट्, कपाट म्हणालं.

बुवा तीस वर्षं प्रवचन करतायत, पण त्यांना उत्तर आजवर मिळालं नव्हतं. ते हात वर ठेवूनच माझ्याकडे वळले.

"तू काही म्हणालीस का?"

"मी नाही."

फट्. मग आत काहीतरी टणकन् आदळलं.

"निषाद," आत्या पाठ न वळवता म्हणाली. आणि मग तिचे हात पट्ट्यांवरच थांबले. "वहिनी, वाइन."

आईनं किल्ली काढून कपाट उघडलं. एक बूच तिच्या कानाजवळून गेलं आणि बुवांच्या शेजारच्या फुलदाणीत पडलं. टॉवेल लाल झाले होते. आणि आतल्या रांगेतल्या बाटल्या फुसफुसत होत्या, काहींची बुचं अर्धी वर आलेली, काहींची मुळीच हललेली नाहीत. ज्यांची हलली नव्हती त्यांच्याकडे बघून आत्या पांढरी पडली.

"बुचं नाही सुटली तर काच फुटेल," ती म्हणाली. "मागे व्हा सगळे. राहू दे. जाऊ दे ती वाइन. सगळे मागे व्हा."

आम्ही मागे झालो. बुवा तर खुर्चीमागे गेले, आणि जाताना आत्याचा हात धरून तिलाही घेऊन गेले, हे मी नोंदवून ठेवलं.

बाबा पुढे झाले.

"दादा, तू नको," आत्या म्हणाली. "तू सोडून कुणीही."

"कुणीही नाहीये," बाबा म्हणाले. "एक ओला टॉवेल दे."

आणि मग मी माझ्या बाबांना पहिल्यांदा कामावर असल्यासारखं बघितलं. आम्हाला आपलं वाटायचं, ते भिंतीवर घण घालतात आणि ती पडते. तसं नसतं. वाकलेली भिंत स्वतःच पडायला टपलेली असते. तिला हळूहळू, वरून, भार उतरवत खाली आणायची असते, नाहीतर ती तुमच्यावरच येते. बाबांनी ओला टॉवेल बाटलीला गुंडाळला, छातीशी धरली, तोंड भिंतीकडे केलं आणि बुचावर अंगठा ठेवून त्याला अर्धं फिरवलं. फुस्स. थांबले. पुन्हा फिरवलं. मोठा उसासा टाकल्यासारखी बाटली मोकळी झाली. त्यांनी ती न्हाणीच्या टबात उभी केली. मग दुसरी.

"कसं वाटतंय?" आईनं दाराआडून विचारलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"जिवंत आहेत," बाबा म्हणाले. "मांजराची पिल्लं धरल्यासारखं वाटतंय. बोलू नका."

आम्ही बोललो नाही. बुवासुद्धा. एकामागून एक फुस्स, थांबणं, फुस्स. आत्या ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय, म्हणून मीही करायला लागले. मग ऐकू आलं, ती प्रत्येक उसाशाचा सूर म्हणत होती, षड्ज, रिषभ, षड्ज. ज्याला जशी येते तशी. शेवटची बाटली सर्वांत मागची, नळाला टेकून गरम झालेली. तिचं बूच जागचं हलायला तयार नव्हतं. बाबा तिच्याशी दोन शब्द बोलले, कुठले ते कळलं नाही, आणि तीही मोकळी झाली.

टबात सगळ्या बाटल्या उभ्या होत्या. एकही फुटली नव्हती. बाबांच्या शर्टावर वाइन, केसांत वाइन, भुवईवरून एक थेंब लोंबत होता.

"दादा," आत्या म्हणाली. "खिशातला दे जरा."

तिनं तो घेतला आणि वाइनमध्ये नाही, मोरीवरच्या साध्या पाण्याच्या बादलीत सोडला. मग माझ्याकडे वळली. "मी पियानो लावायला बसते तेव्हा आधी काय करते?"

"फोर्क वाजवतेस, तो एकच सूर देणारा काटा."

"कारण तो फोर्क खोटं बोलत नाही. याचा फोर्क काय?"

दांडी बादलीत डुलली आणि थांबली. साध्या पाण्यात लाल रेघ पाण्याच्या काठावर यायला हवी. ती कुठेच दिसेना. आत्यानं वाकून बघितलं तर रेघ खाली पाण्यात गेली होती, चांगली बोटभर. दांडी अखंड होती, ओरखडाही नव्हता. आतली कागदाची पट्टी मात्र खाली सरकली होती. टेबल, खुर्ची, जिना, आईचा भिंतीवरचा मार, आणि वरची खिडकी. साखर शिल्लक असताना तो इमानेइतबारे सांगत होता की संपली.

"पाण्यात घाला म्हणाल्या होत्या त्या बाई," बाबा सावकाश म्हणाले. "मला वाटलं, धुवायला सांगतायत."

आईनं आपले हात पदराला पुसले.

"आपटू नका असंही म्हणाल्या होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, प्रत्येकाला म्हणतात." त्यांनी दांडी बादलीतून काढली, शर्टाला पुसली, म्हणजे आणखी वाइन लावली, आणि आत्याच्या हातात दिली. "मी बसेन पुढच्या रांगेत. हात मांडीवर ठेवून. रस छान लागतो द्राक्षाचा."

"अट काय होती?" आत्यानं विचारलं.

"न फुटणारा."

"फुटला का?"

"फुटला नाही. पण खोटं बोलला. फुटला असता तर बरं."

"काचेचे खरं बोलायचे आणि मरायचे," आत्या म्हणाली. "हा खोटं बोलतो, पण किती ते आता आपल्याला माहितीय. वहिनी, तुमची नखाला लावायची बाटली द्या."

आईच्या लाल नेलपॉलिशनं तिनं दांडीच्या बाहेरून एक नवी रेघ काढली, जिथं साधं पाणी टेकत होतं बरोबर तिथं. फुंकर मारून वाळवली.

"रोज आधी पाण्यात, मग वाइनमध्ये. पट्टी हलली की रेघ हलवायची." मग तिनं आईकडे आणि माझ्याकडे बघितलं. "आणि चूक एकट्या दादाची कशी? मी ऐकत होते बुडुक. मीच म्हटलं, भरू या. आणि भिंतीवर कुणी मारला?"

"मी फक्त एकदाच," आई म्हणाली.

"लग्न पुढे ढकलायचं का?" बुवा खुर्चीमागून म्हणाले. "वाइनसाठी? मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालेल."

"तुम्ही गप्प बसता का जरा," आत्या म्हणाली, आणि ते इतके खूष होऊन गप्प बसले की मला हसू आवरेना, आणि एकदा मी सुरू केल्यावर कुणालाच आवरेना. बाबा टबाच्या काठावर बसून हसत होते आणि आत्या ओरडत होती, दादा, तिथं नको, तिथून उठ.

वाइन परत बरणीत गेली. बरणी चुलीजवळ उबेला ठेवली, आणि स्वयंपाकघर पुन्हा बोलायला लागलं. बाबा रोज आधी पाण्यात, मग वाइनमध्ये दांडी सोडायचे, जमिनीवर बसून, जेणेकरून पडायला जागाच राहू नये. बुडुक विरळ होत गेलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवी रेघ वाइनला टेकली. बाबा आत्याकडे बघत राहिले. आत्यानं डोळा मिटून बरणीला कान लावला, इतका वेळ की आईनं दोनदा दूध उतरवलं.

"गप्प आहे," ती म्हणाली. "आता भर."

लग्नात प्रार्थनागृह भरलं होतं. बुवा स्वतःच्याच लग्नात स्वतःच प्रवचन करणार होते. दुसऱ्या कुणाला बोलू द्यायला ते तयार नव्हते. आणि बाबा बाजूच्या दारातून आले, दोन्ही हातांत मोठा पितळी ट्रे, त्यावर भरलेले पेले. नवा शर्ट, आणि खिशातून ती पांढरी दांडी डोकावत होती. आख्खं प्रार्थनागृह श्वास धरून बसलं. ते पहिल्या रांगेशी वाकले. एकेकाच्या हातात पेला दिला. दुसरी रांग, तिसरी. घाम त्यांच्या भुवईवर होता पण थेंब खाली पडला नाही, ना घामाचा ना वाइनचा. दुकानवाल्या बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, आणि मग बाबांचे हातच तेवढे निरखून बघितले. सर्वांत शेवटी बाबा आत्यापाशी आले. शेवटचा पेला तिचा होता.

"घे गं," ते म्हणाले.

आत्यानं घेतला. मग तिनं त्यांच्या खिशातली दांडी सरळ केली.

बुवांनी सुरुवातीचा सूर मिळावा म्हणून पियानोकडे बघितलं, पण पियानो वाजवणारी आज नवरी होती आणि पियानोवर कुणी नव्हतं. बाबा रिकामा ट्रे घेऊन, छाती पुढे काढून, मागे वळले. सगळं पार पडलं होतं. आणि दाराच्या चौकटीला ट्रेचा कोपरा लागला, हातून सुटला, आणि तो पितळी ट्रे फरशीवर पडून गरगर गरगर फिरत एकाच सुरात घुमत राहिला.

कुणी हललं नाही.

"कोमल गंधार," आत्या म्हणाली, पेला ओठाला लावता लावता.

बुवांनी डोळे मिटले, तोच सूर उचलला, आणि गायला लागले. मी री ओढली.